हद्दीतला गुन्हा, हद्दीबाहेरचा पैसा

२०२० च्या नोव्हेंबरची २७ तारीख. दिवाळी होऊन दोन आठवडे होत आले होते. पुणे शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचे शंभरावर माणसांचे पथक जळगावात उतरले आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी झडत्या सुरू झाल्या. विषय जुनाच होता: भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली बीएचआर. गुन्हा पुण्याच्या डेक्कन ठाण्यात, कागद जळगावात, आणि ठेवीदार जिकडे तिकडे. झडतीत काय सापडले यापेक्षा आपल्या जिल्ह्यातल्या पोलिसांना याची खबर होती का, हा प्रश्न त्या दिवसांत जास्त चघळला गेला.

प्रश्न गमतीचा नव्हता. घरफोडी झाली तर चोर कुठलाही असो, घर एका ठाण्याच्या हद्दीत असते. पतसंस्था बुडते तेव्हा घर शेकडो ठिकाणी फुटलेले असते. बीएचआरचे मुख्यालय जळगावात, पण शाखा अडीचशेहून अधिक, त्यातल्या काही महाराष्ट्राबाहेर. ठेवी मुदत संपूनही परत मिळेनात, तेव्हा बोंब उठली आणि २०१५ च्या फेब्रुवारीत संस्थापक प्रमोद रायसोनी आणि संचालकांना अटक झाली. पुढे जिथे शाखा तिथे फिर्याद, असे होत राज्यभरातल्या कितीतरी ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. आरोपी तेच, संस्था तीच, पावतीवरचा शिक्का तोच. बदलत गेला तो फक्त गुन्हा रजिस्टर नंबर.

पुण्याच्या पथकाने शोधलेला गुन्हा मात्र दुसऱ्या अंकातला होता. संस्था बुडाल्यावर केंद्रीय निबंधकांनी अवसायक नेमला. संस्थेच्या मालमत्ता विकून, थकलेली कर्जे वसूल करून ठेवीदारांचे पैसे द्यायचे, हे त्याचे काम. आरोप असा झाला की मालमत्ता पडेल भावात गेल्या, आणि गरजू ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहून कमी पैशांत गोळा करून त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या केल्या गेल्या. आरोप खरा असेल तर एक लाखाची पावती ज्याने नाइलाजाने विकली तो दुसऱ्यांदा लुटला गेला, तेही पहिल्या लुटीची भरपाई करण्यासाठी नेमलेल्या यंत्रणेकडून. खुद्द अवसायकाला २०२१ च्या जूनअखेरीस इंदूरहून पकडून आणले गेले. म्हणजे पुण्याचा गुन्हा, जळगावचे कागद आणि मध्य प्रदेशातली अटक.

या लेखात मला दोषी कोण ते ठरवायचे नाही, ते न्यायालयांचे काम आहे. मला दिसते ते एवढेच की आपल्याकडे गुन्हा ठाण्याच्या मालकीचा असतो आणि पैसा कोणाच्याच मालकीचा नसतो. दोन जिल्ह्यांचे पोलीस एकमेकांना मदत करतात, नाही असे नाही. पण ती मदत आरोपी धरण्यापुरती असते. आरोपी हाती लागला की त्या ठाण्याचा आकडा पूर्ण होतो, आणि ठेवीदार पावती घेऊन तिथेच उभा राहतो.

आधी ठाण्याची पायरी चढू. अमळनेरचा निवृत्त शिक्षक, पारोळ्याचा कापूस उत्पादक, धुळ्याच्या एसटी आगारातून सेवानिवृत्त झालेला कंडक्टर, ठेवीदार असे असतात. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी पडलेल्या पावत्या, पासबुक, आधारची झेरॉक्स. पिशवीच्या तळाशी कधीतरी संस्थेच्या वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिकाही निघते. ठाणे अंमलदार पावती उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, पैसे कोणत्या शाखेत भरले? शाखा शेजारच्या तालुक्यातली निघाली की पुढचे वाक्य ठरलेले: तिकडे जा, आमच्या हद्दीत येत नाही. तिकडे गेले तर ते मुख्यालयाकडे बोट दाखवतात. आणि ठेवीदाराचा प्रश्न कलमांचा नसतोच. तो अहिराणीत एवढेच विचारतो, "भाऊ, पैसा कवय भेटतीन?" याचे उत्तर टेबलापलीकडच्या माणसाकडे नसते, आणि ते देणे त्याचे काम आहे असे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

कायद्याने ही टोलवाटोलवी केव्हाच नाकारली आहे. अपहारातला पैसा जिथे स्वीकारला, ठेवला किंवा ज्याचा हिशेब जिथे द्यायचा होता, त्यातल्या कुठल्याही ठिकाणी खटला चालू शकतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. फसवणूक पत्राने किंवा दूरसंचाराने झाली असेल तर संदेश जिथून निघाला आणि जिथे पोचला, दोन्ही ठिकाणे चालतात. शून्य नंबरने गुन्हा दाखल करून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करण्याची रीत आपल्या पोलिसांना जुनीच. निर्भया प्रकरणानंतरच्या वर्मा समितीमुळे तिला बळ आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती थेट लिहिली गेली: गुन्हा कुठल्याही क्षेत्रात घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. त्यामुळे हद्दीचे कारण सांगून परत पाठवणाऱ्याला आता कायद्याचा आडोसा नाही. तरी पाठवले जाते. कारण शून्याने दाखल केलेला गुन्हा हे त्या ठाण्याच्या दृष्टीने दुसऱ्यासाठी केलेले काम आहे, आणि दुसऱ्यासाठी केलेले काम कोणत्याच मासिक गुन्हे आढाव्यात मोजले जात नाही.

बरे, गुन्हे दाखल झाले म्हणजे गाडी रुळावर आली असेही नाही. उलट कायद्यातली खरी गुंतागुंत इथून सुरू होते आणि तिच्यासाठी थोडे थांबायला हवे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. जुलैतला टी. टी. अँटनी विरुद्ध केरळ राज्य हा निकाल सांगतो की एकाच घटनेबद्दल दुसरा एफआयआर नोंदवता येत नाही. ऑक्टोबरमधला नरिंदरजित सिंग साहनी विरुद्ध भारत सरकार हा निकाल ठेवी बुडवल्याच्या प्रकरणातला होता. देशभर गुन्हे दाखल झालेल्या आरोपींची मागणी अशी की आम्हाला सगळ्यांसाठी मिळून एकच जामीन द्या. न्यायालयाने ती मानली नाही. प्रत्येक ठेवीदाराशी झालेला व्यवहार स्वतंत्र, म्हणून गुन्हाही स्वतंत्र. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. पण पतसंस्थेच्या तपासात ते समोरासमोर येतात. कट एक मानला तर एकच गुन्हा आणि बाकी सगळे ठेवीदार साक्षीदार. व्यवहार वेगळे मानले तर जितके ठेवीदार तितक्या फिर्यादी. त्यात एका वर्षात केलेले एकाच प्रकारचे तीनच गुन्हे एका खटल्यात घेता येत, नव्या संहितेने ते पाच केले. हजारो ठेवीदारांपुढे तीन काय आणि पाच काय!

प्रत्यक्षात होते ते असे. मूळ खतावणी एका ठाण्याच्या मुद्देमालात जमा, तिची झेरॉक्स दुसऱ्याच्या दोषारोपपत्रात, आणि तिसऱ्याचा तपासी अंमलदार साक्षांकित प्रतीसाठी पत्रव्यवहार करतोय. आरोपी एका तुरुंगातून दुसऱ्या न्यायालयात, तिथून तिसऱ्या ठाण्याच्या ताब्यात. प्रत्येक ठिकाणी नवा रिमांड, नवा जामीन अर्ज. पाहणाऱ्याला वाटते, केवढी धडक कारवाई चालली आहे. पण या सगळ्या ठाण्यांपैकी एकानेही संस्थेचा पैसा शेवटी कुठे गेला याचा संपूर्ण आलेख काढलेला नसतो. काढणार कसा? त्याच्या गुन्ह्यात त्याच्या तालुक्यातले ठेवीदार, त्यांची रक्कम आणि त्याच्या शाखेचा मॅनेजर एवढेच येते. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीत निदान हत्ती एका जागी उभा होता.

यावर उपाय म्हणून महाराष्ट्राकडे १९९९ पासून स्वतःचा कायदा आहे, ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा, एमपीआयडी. पतसंस्थांच्या ठेवीदारांना हे इंग्रजी आद्याक्षर पाठ झाले आहे. संचालकांच्या मालमत्ता जप्त करायच्या, सक्षम प्राधिकारी म्हणून बहुधा महसुलाचा उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी नेमायचा, विशेष न्यायालयाच्या हुकमाने विक्री करून पैसे वाटायचे. कायद्याचा रोख बरोबर आहे, तो पैशापासून सुरू होतो. पण मल्टिस्टेट संस्था केंद्राच्या २००२ च्या कायद्याखाली येते, तिचा निबंधक दिल्लीत बसतो आणि अवसायक तोच नेमतो. एकाच इमारतीवर एका बाजूने महसूल अधिकाऱ्याचा हात, दुसऱ्या बाजूने अवसायकाचा. जळगावच्या ठेवीदाराने कोणाच्या दारी जायचे हे सांगायला वकील लागतो, आणि वकिलाची फी द्यायला पावतीतले पैसे लागतात.

नाशिकमध्ये २०१६ साली मैत्रेय कंपनीतल्या ठेवी बुडाल्याच्या प्रकरणात पोलिसांच्या पुढाकाराने ठेवीदारांसाठी एस्क्रो खाते उघडले गेले, तेव्हा त्याचे अप्रूप वाटले ते यामुळेच. पोलिसांनी पैसे परत करण्याचा विचार करावा ही गोष्ट बातमी होण्याइतकी दुर्मीळ असावी, यातच सगळे आले.

आता हद्दीबाहेर जाणाऱ्या पोलिसाकडे पाहू, कारण सहकार्य म्हणजे वरिष्ठांची बैठक नव्हे, सहकार्य म्हणजे हा माणूस. धुळ्याच्या एखाद्या ठाण्यातला सहायक निरीक्षक, सोबत दोन अंमलदार, आरोपी परराज्यात. आधी वरिष्ठांची लेखी परवानगी. मग गाडी. सरकारी वाहन बंदोबस्तात अडकलेले असते, तेव्हा खाजगी गाडीची सोय, तिच्या डिझेलचे पैसे आज खिशातून आणि प्रवासभत्त्याचे बिल कधीतरी. तिथे पोचल्यावर स्थानिक ठाण्यात पत्र देऊन स्टेशन डायरीत नोंद. तिथला एखादा शिपाई सोबत मिळाला तर घर सापडते, पंच मिळतात, गल्ली अंगावर येत नाही. अटक झाली की चोवीस तासांचे घड्याळ सुरू. प्रवासाचा वेळ त्यातून वगळला जातो, तरी शहाणा अधिकारी जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून ट्रान्झिट रिमांड घेतोच. यातली एक पायरी चुकली की अटकच बेकायदा ठरण्याचा धोका.

आणि नेमकी स्थानिक ठाण्यातल्या नोंदीची पायरी चुकवण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो. स्थानिक ठाण्याला आधी कळवले तर पाखरू उडेल, अशी भीती. ती नेहमी खोटी असते असे कोणताही जुना हवालदार म्हणणार नाही. म्हणून मग छापा आधी, नोंद नंतर. यातून दोन ठाण्यांत जी अढी बसते ती पुढच्या दहा प्रकरणांना पुरते.

खानदेशात या कसरतीला भूगोलाची भर आहे. १९०६ पर्यंत हा सगळा मुलूख खानदेश नावाचा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. कापसाचा व्यापारी, केळीचा दलाल, पतसंस्थेचा एजंट यांनी ही वाटणी कधी मनावर घेतली नाही. एजंट पारोळ्याचा, खातेदार धुळ्याचा, सोयरीक चोपड्यात, असेच चालत आले. उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, पश्चिमेला नवापूर ओलांडले की गुजरात. रावेर-सावद्याची केळी उत्तर भारतात जातात आणि भाव बऱ्हाणपूरकडे पाहून ठरतात. बांधावर आलेला परप्रांतीय व्यापारी पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, तिसरी उधारीवर उचलतो आणि चौथीनंतर त्याचा फोन लागत नाही. शेतकऱ्याकडे असते ती वजनाची चिठ्ठी आणि ट्रकचा नंबर.

इथे एक चांगले उदाहरण नोंदवले पाहिजे. २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक म्हणून आले आणि शेतमालाचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध त्यांनी परिक्षेत्रातल्या पाचही जिल्ह्यांत मोहीम काढली. नाशिक ग्रामीण, नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार. द्राक्षबागायतदारांच्या तक्रारी त्यात मोठ्या संख्येने होत्या. गुन्हा नोंदवण्याआधीच व्यापाऱ्यांनी पैसे परत केल्याच्या बातम्या त्या काळात येत. पोलिसांनी वसुली करावी का, दिवाणी व्यवहाराला फौजदारीचा धाक दाखवावा का, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मलाही पुसून टाकता येत नाही. पण ही मोहीम चालू शकली, कारण पाच जिल्ह्यांचा वरिष्ठ एकच होता आणि त्याने यश किती पैसे परत मिळाले यावर मोजले. धुळे आणि जळगावच्या अधीक्षकांना एकमेकांची मदत घ्यायला नाशिकचा एक फोन पुरतो. जळगाव आणि पुणे यांचे तसे नाही. पुणे शहर हे आयुक्तालय, त्याचा रस्ता वेगळा. दोघांचा सामाईक वरिष्ठ थेट मुंबईत, राज्याचा पोलीस महासंचालक. बीएचआरच्या पथकाने चारशे किलोमीटर कापले, पण कागदोपत्री अंतर याहून बरेच मोठे होते.

मग हद्दच काढून टाकावी? अनेकांना हा विचार मोहवतो. एक राज्य, एक तपास यंत्रणा, कुठेही जा, कोणालाही धरा. आपल्या इतिहासात तसे एकदा झालेले आहे. ठग एका संस्थानात प्रवासी मारत, दुसऱ्यात माल विकत आणि तिसऱ्यात शेती करत. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने कंपनी सरकारकडून हवे ते मिळवले. १८३६ च्या तिसाव्या कायद्यान्वये, ठगांच्या टोळीत कधीही, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, सामील असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप, आणि खटला कुठल्याही जिल्ह्याच्या न्यायालयात, जणू गुन्हा तिथेच घडला आहे असे धरून. हद्दीचा प्रश्न एका फटक्यात निकालात निघाला. त्याबरोबर विशिष्ट गुन्हा, विशिष्ट जागा, विशिष्ट वेळ हे सिद्ध करण्याची गरजही निकालात निघाली. माफीच्या साक्षीदाराने बोट दाखवले की पुरे. ठगी मोडली म्हणून त्या कायद्याचे कौतुक करणाऱ्यांनी हेही पाहावे की त्याखाली किती जण नुसत्या ओळखीवर आत गेले असतील, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

हद्द ही अडचण आहे तशी ती ढालही आहे. कोणत्या दंडाधिकाऱ्यापुढे नेले, कोणत्या ठाण्याच्या डायरीत नोंद झाली, नातेवाइकांनी कुठे चौकशी करायची, हे हद्दीमुळे ठरते.

आणि तिची तिसरीही बाजू आहे, ती खानदेशाला चांगली ठाऊक आहे. स्थानिक वजन. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ च्या फेब्रुवारीत फिर्याद दिली. मोठ्या अटका व्हायला २०१२ उजाडले. खटला जळगावात नव्हे, धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला तिथे माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले गेले. पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. ज्या शहरात आरोपींपैकी अनेकांनी वर्षानुवर्षे सत्ता चालवली, त्या शहरापासून नव्वदेक किलोमीटर लांब बसून साक्ष देणे साक्षीदाराला किती सोपे झाले असेल, हे मोजता येत नाही, पण समजता येते. बीएचआरचा गुन्हा जळगावऐवजी पुण्यात दाखल झाला त्यामागेही हेच गणित असावे. गावचा पोलीस गावातल्या बड्या माणसावर हात टाकणार नाही, ही समजूत कधी खरी असते, कधी अन्यायकारक. पण ठेवीदाराने तिच्यावर भरवसा ठेवला तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून जवळचा की लांबचा, हा वादच चुकीचा आहे. लांबच्याला कोणाची भीड नसते, पण कोणत्या फर्मच्या नावामागे कोणाचा मेहुणा आहे हे त्याला कळत नाही. जवळच्याला मेहुणा ठाऊक असतो, म्हणूनच त्याची पंचाईत होते. दोघे एकत्र बसले तरच तपास होतो, आणि त्यांच्यात जे ठरले ते कागदावर राहिले तरच तो टिकतो.

कागदाचा आग्रह का, तर बीएचआरचा तिसरा अंक. पुण्याच्या तपासाचे नेतृत्व केलेल्या तत्कालीन पोलीस उपायुक्तांविरुद्धच २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बंडगार्डन ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. सीआयडीच्या चौकशीतून पुढे आलेला आरोप असा की एकाच दिवशी वेगवेगळ्या ठाण्यांत गुन्हे दाखल करताना प्रक्रिया पाळली गेली नाही. मग हा तपास सीबीआयकडे गेला. आरोपी सुखावले, ठेवीदार चक्रावले, आणि पोलीस दलात जो संदेश गेला तो गेलाच. आरोपात तथ्य किती ते पुढे ठरेल. पण आधी संस्थेचे संचालक, मग अवसायक, मग तपासी अधिकारी, अशी आरोपीची जागा फिरत राहिली आणि मुदत ठेवीच्या पावत्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. हद्दीबाहेरची कारवाई कुणाच्या लेखी विनंतीवरून झाली, कोणते ठाणे सोबत होते, कोणता दस्तऐवज कुठून कुठे गेला, याची दोन्हीकडे सारखी नोंद असती तर त्या अधिकाऱ्याचा बचाव किंवा त्या अधिकाऱ्यावरचा आरोप, दोन्हीपैकी जे खरे ते एका बैठकीत ठरले असते.

तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण असेच दोन राज्यांत अडकले होते. कर्नाटकाचे स्वतंत्र तपास पथक, महाराष्ट्राची एसआयटी, एकच मुख्य आरोपी आणि त्याच्या ताब्यावरून ओढाताण. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सगळे सीबीआयकडे सोपवावे लागले. मोठ्या प्रकरणांत हाच आपला ठरलेला शेवट असतो: खालचे भांडले की वरच्याकडे द्या. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यातही एकाहून अधिक राज्यांत पसरलेली प्रकरणे सीबीआयकडे पाठवण्याची वाट आखलेली आहे. पण शे-दीडशे ठेवीदारांची, चार तालुक्यांत पसरलेली संस्था सीबीआय कशाला घेईल? २००७-०८ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यात एकामागून एक पतसंस्था अडचणीत आल्या, त्यातल्या बहुतेक अशाच होत्या. दिल्लीसाठी किरकोळ, घरासाठी सर्वस्व.

गंमत म्हणजे ज्या गुन्ह्यात हद्द सगळ्यात अस्पष्ट, तिथे आपण थोडे शहाणे झालो आहोत. ऑनलाइन फसवणुकीत साक्रीच्या माणसाचे पैसे दोन मिनिटांत तीन राज्यांतल्या खात्यांतून फिरतात, सिमकार्ड चौथ्या राज्यातले असते आणि एटीएममधून पैसे पाचव्यात निघतात. इथे आधी गुन्हा कुणाच्या हद्दीत हे ठरवत बसले तर काहीच हाती लागत नाही, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय व्यवस्थेने ओळखले. १९३० वर फोन करा, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक सांगा, बँकेकडून बँकेकडे सूचना जाते आणि पैसा जिथे पोचला असेल तिथे गोठवला जातो. एफआयआर नंतर. जामतारा, मेवात अशा ऑनलाइन फसवणुकीसाठी कुप्रसिद्ध ठिकाणांसाठी अनेक राज्यांच्या पोलिसांची संयुक्त समन्वय पथके केली गेली. व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत. परराज्यातल्या ठाण्याच्या एका पत्राने इथल्या एखाद्या निरपराध दुकानदाराचे खाते गोठते आणि ते सोडवायला तो त्या राज्यात खेटे घालतो. तरीही क्रम महत्त्वाचा आहे: आधी पैसा, मग आरोपी, मग हद्द. पतसंस्थेच्या तपासात आपला क्रम अगदी उलटा. आधी हद्द, मग आरोपी, आणि पैसा, जमल्यास.

हा क्रम उलटवायला नवे खाते काढावे लागणार नाही. गुन्ह्यांची माहिती देशभरातल्या ठाण्यांना एकमेकांची दिसावी म्हणून सीसीटीएनएसची योजना २००९ मध्येच मंजूर झाली. पण तिच्यात एक संस्था कुठे ‘बीएचआर’, कुठे ‘रायसोनी पतसंस्था’, कुठे पूर्ण नावाने नोंदली गेली तर शोधणाऱ्याला तीन संस्था दिसतील. संस्थेचा नोंदणी क्रमांक प्रत्येक एफआयआरमध्ये सक्तीने घालणे हे एका परिपत्रकाचे काम आहे. ज्या ठाण्याने शून्याने गुन्हा घेऊन चोवीस तासांत वर्ग केला, किंवा बाहेरच्या पथकाला माणूस दिला, त्याच्या आढाव्यात ते काम मोजणे हेही परिपत्रकाचेच काम. परिक्षेत्रात एका संस्थेचे दोनहून जास्त ठिकाणी गुन्हे झाले की महानिरीक्षकांनी एक तपासी अधिकारी प्रमुख नेमावा, मूळ दप्तर त्याच्याकडे, बाकीच्यांनी आपापल्या हद्दीतले ठेवीदार आणि मालमत्ता शोधून त्याला कळवायचे. आयुक्तालय मध्ये आले तर हीच नेमणूक महासंचालकांकडून, आणि लेखी.

सगळ्यात आधी लागेल ती ठेवीदारांची एकच यादी. नव्या संहितेच्या कलम १०७ ने एक मोठी गोष्ट केली आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून न्यायालय ती जिल्हाधिकाऱ्यामार्फत बाधितांना प्रमाणात वाटायला सांगू शकते, आणि जिल्हाधिकाऱ्याने ते साठ दिवसांत करायचे आहे. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एका गावातला एक भामटा असावा. संस्था जळगावची, विशेष न्यायालय जळगावचे, तर वाटप करणारा अधिकारी जळगावचा. त्याच्यापुढे शिरपूरची, अमळनेरची, नाशिकची, पुण्याची, इंदूरची माणसे. काहींच्या पावत्या ठाण्यात जमा, काहींच्या वारसांकडे, काहींनी विकलेल्या, काही मेलेल्यांच्या नावावर. ही यादी पैसे हाती आल्यावर करायला घेतली तर साठ दिवस नव्हे, सहा वर्षे पुरणार नाहीत. पहिला ठेवीदार ज्या दिवशी कुठल्याही ठाण्याच्या टेबलावर पिशवी रिकामी करतो, त्याच दिवशी त्याच्या पावतीचा नंबर, रक्कम आणि बँक खाते त्या एका यादीत चढले पाहिजे, मग ते ठाणे धुळ्याचे असो की डेक्कनचे. आज ठाण्यात त्याच्याकडून झेरॉक्स घेतात, जबाब घेतात, सही घेतात. बँक खात्याचा नंबर सहसा कोणी विचारत नाही.